मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन : घरच्यांनी काय पाहावे, काय विचारावे

विदर्भातल्या खेड्यांत मोतीबिंदूचे ऑपरेशन आता कोणाला नवे राहिलेले नाही. केंद्र सरकारचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला, हळूहळू तालुक्यातालुक्यांत शिबिरे होऊ लागली, आणि आज कोणत्याही गावात चौकशी केली तर ऑपरेशन करून आलेले आजोबा किंवा आजी सहज भेटतात. त्यामुळे घरच्या म्हाताऱ्या माणसाला कमी दिसू लागले की ‘मोतीबिंदू असेल, काढून आणू’ एवढाच विचार होतो. मधुमेह नसलेल्या बहुतेकांच्या बाबतीत तो विचार पुरेसा असतो. मधुमेह असेल तर तो अपुरा पडतो, कारण अशा माणसाची नजर मोतीबिंदूने जितकी जाते तितकीच, आणि कधी त्याहून अधिक, डोळ्याच्या मागच्या पडद्याने जाते. आणि पडद्याचे नुकसान ऑपरेशनने भरून निघत नाही.

हा लेख त्या मुलासाठी, सुनेसाठी, मुलीसाठी आहे, ज्यांच्यावर घरातल्या मधुमेही वडीलधाऱ्याला ऑपरेशनसाठी घेऊन जाण्याची जबाबदारी पहिल्यांदाच आली आहे. नव्याने कामाला लागलेल्या आशाताईंनाही तो उपयोगी पडावा.

आधी एवढे समजून घ्यावे

डोळ्यात पुढच्या बाजूला बाहुलीच्या मागे एक नैसर्गिक भिंग असते. ते गढूळ होणे म्हणजे मोतीबिंदू. वय वाढले की तो बहुतेकांना होतो. मधुमेहात मात्र रक्तातली जास्तीची साखर भिंगात शिरून तिथे साचते, भिंग पाणी ओढून घेते आणि लवकर गढूळ होते, म्हणून मधुमेही माणसाला मोतीबिंदू इतरांच्या मानाने कमी वयात होतो आणि भराभर वाढतो. ऑपरेशनमध्ये हे गढूळ भिंग काढून त्या जागी कृत्रिम लेन्स बसवतात.

डोळ्याच्या अगदी मागे पडदा असतो. दिसते ते या पडद्यामुळे. त्याच्यातल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षांच्या वाढलेल्या साखरेने कमजोर होतात. त्यांना फुगे येतात, त्यातून रक्त आणि पाणी झिरपते. पडद्याच्या मध्यभागी, जिथून आपण वाचतो आणि माणसांचे चेहरे ओळखतो, तिथे पाणी साचले तर सूज येते. काही वाहिन्या बंद पडतात, पडद्याला रक्त कमी पडू लागते आणि मग नव्या, ठिसूळ वाहिन्या उगवतात. त्या फुटल्या तर डोळ्यात रक्तस्राव होतो, त्यांच्यामुळे पडदा ओढला जाऊन सुटू शकतो, आणि त्या पुढच्या भागात वाढल्या तर दुखणारा, कठीण असा काचबिंदू होतो. या सगळ्याची सुरुवात होते तेव्हा दुखत नाही, डोळा लाल होत नाही, आणि नजरही बरेच दिवस चांगली राहते. ‘मला तर काही त्रास नाही’ हे वडीलधाऱ्यांचे म्हणणे खरेच असते, पण त्यावरून पडदा ठीक आहे असे समजता येत नाही. मधुमेहाला जितकी जास्त वर्षे झाली तितकी पडद्याच्या आजाराची शक्यता वाढते, आणि सोबत रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आणखी वाढते.

खिडकीची काच पुसली म्हणून खोलीतली ओल जात नाही, तसेच हे आहे. मोतीबिंदू काढला की काच स्वच्छ होते. ओल आहे का, हे आत पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि काच फारच गढूळ असेल तर आत पाहताही येत नाही. म्हणूनच ‘अजून पिकला नाही, पिकू द्या’ हा जुना सल्ला मधुमेही माणसाच्या बाबतीत नुकसानीचा ठरतो. मोतीबिंदू फार पिकला की डॉक्टरांना पडदा दिसत नाही आणि गरज असूनही लेसर करता येत नाही. शिवाय जास्त पिकलेले भिंग फुगून किंवा पाझरून डोळ्यातला दाब एकाएकी वाढवू शकते.

पहिली पायरी : शुगर, रक्तदाब आणि पाय

ऑपरेशनचा विचार मनात आला की त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात शुगर आणि बीपी तपासून घ्यावे. तीस वर्षांवरील माणसांची ही तपासणी सरकारी कार्यक्रमात आहेच, आणि कित्येकांना आपल्याला मधुमेह आहे हे शिबिराच्या रांगेतच पहिल्यांदा कळते. ज्यांना तो आधीपासून आहे त्यांनी एचबीएवनसी ही तपासणीही करून घ्यावी. ती मागच्या सुमारे तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देते, त्यामुळे तपासणीच्या आदल्या दोन दिवसांत गोड बंद करून आकडा चांगला आणण्याचा प्रयत्न तिच्यापुढे चालत नाही.

शुगर किती असेल तर ऑपरेशन करतात, याचा सगळीकडे लागू होणारा एकच आकडा नाही. बऱ्याच ठिकाणी ऑपरेशनच्या दिवशी ती दोनशेच्या आत असावी असे सांगतात. तुमच्या दवाखान्याची मर्यादा विचारून घ्यावी. फार वाढलेली असेल तर तारीख पुढे ढकलतात. त्यावर घरच्यांनी रागावू नये, कारण वाढलेल्या साखरेत जखम सावकाश भरते आणि जंतूंना वाव मिळतो.

इथे एक गोष्ट मी आवर्जून सांगतो. तारीख जवळ आली म्हणून घाईघाईने शुगर खाली आणायचा प्रयत्न करू नये. जेवण निम्म्यावर आणणे, गोळ्या मनानेच दुप्पट घेणे, कोणीतरी सांगितलेला काढा सोबत सुरू करणे हे प्रकार गावात सर्रास होतात. यात दोन धोके असतात. एक म्हणजे शुगर एकदम खाली जाऊन माणूस चक्कर येऊन पडतो. दुसरा फारसा कोणाला माहीत नसतो : पडद्याचा आजार आधीच असेल तर बराच काळ वाढलेली साखर फार झपाट्याने उतरवल्याने तो काही काळासाठी वाढू शकतो. औषध बदलायचे ते डॉक्टरांनी, आणि त्यासाठी काही आठवडे हाताशी ठेवावेत. सोयाबीन निघाले, कापसाची वेचणी आटोपली की मग जाऊ असे ठरवणारी घरे पुष्कळ आहेत. त्यांनी निदान वेचणी सुरू असतानाच तपासण्यांना सुरुवात करावी.

आता पायांबद्दल. लेख डोळ्यांचा असला तरी ऑपरेशनच्या आधी आजोबांचे दोन्ही पाय, तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात स्वतः पाहाव्यात. मधुमेहात पायांची संवेदना कमी होते, शेतात काटा रुतलेला किंवा वहाणेने घासलेला कळत नाही, आणि जखम चिघळली तरी वडीलधारे ती फडक्यात बांधून गप्प बसतात, कारण सांगितले तर ऑपरेशन रद्द होईल अशी भीती असते. शरीरात कुठेही पू असेल, मग तो पायात असो, दाढेत असो की लघवीच्या मार्गात, तो आधी बरा करावा लागतो. डोळ्यातून सतत पाणी किंवा चिकट घाण येत असेल तर तेही सांगावे. डोळ्याच्या कोपऱ्यातली पाण्याची नळी बंद असेल तर तिथेही जंतू साचलेले असतात.

दुसरी पायरी : पडद्याची तपासणी मागून घ्यावी

या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे. नेत्रतपासणीला गेल्यावर ‘यांना अमुक वर्षांपासून शुगर आहे, पडदा तपासला का?’ असे सरळ विचारावे. विचारण्यात उद्धटपणा नाही. शिबिराच्या गर्दीत टॉर्चने बाहुली पाहून मोतीबिंदू आहे एवढे ठरवता येते. पडदा पाहण्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब टाकून वीस मिनिटे ते अर्धा तास थांबावे लागते. मधुमेही माणसांची बाहुली पुष्कळदा नीट मोठी होत नाही, म्हणून थेंब पुन्हा टाकावे लागतात आणि वेळ अधिक लागतो. त्या दिवशी पुढचे काही तास अंधुक दिसते आणि उन्हाने डोळे दिपतात. आजोबांनी स्वतः गाडी चालवू नये, एसटीत एकट्याने बसू नये, आणि आपल्याकडच्या उन्हात टोपी किंवा दुपट्टा नसेल तर बाहेर पाऊल टाकू नये.

तपासणीतून साधारण तीन गोष्टींपैकी एक कळते. पडदा चांगला असेल तर ऑपरेशनला अडचण नाही. पडद्यावर आजार असेल तर तो किती आहे आणि मधल्या भागाला सूज आहे का, हे पाहतात; त्यासाठी ओसीटी नावाचा फोटो काढतात, त्यात सुई नाही की दुखणे नाही. आणि मोतीबिंदू इतका दाट असेल की आतले काहीच दिसत नाही, तर डोळ्याची सोनोग्राफी, म्हणजे बी-स्कॅन, करतात. पडदा सुटला आहे का, आत रक्त साचले आहे का, एवढे तीतून कळते. बारीक सूज मात्र कळत नाही, म्हणून अशा डोळ्याचा पडदा ऑपरेशननंतर लवकरच पुन्हा तपासणे भाग असते.

पडद्याचा आजार वाढलेला असेल तर शक्यतो आधी त्यावर उपचार करतात आणि मग मोतीबिंदू काढतात. नव्या वाहिन्या वाढल्या असतील तर लेसर करतात. मध्यभागी सूज असेल तर डोळ्यात इंजेक्शन देतात. ते सुरुवातीला साधारण महिन्याच्या अंतराने काही वेळा घ्यावे लागते, आणि कधी ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळीच देतात. ‘डोळ्यात सुई’ हे शब्द ऐकून माणसे घाबरतात आणि परत येत नाहीत. प्रत्यक्षात डोळा आधी बधिर केलेला असतो, सुई अतिशय बारीक असते आणि ती पांढऱ्या भागातून दिली जाते. आजींना हे आधीच नीट समजावले तर त्या घाबरत नाहीत, असा माझा अनुभव आहे. घाबरतात ते बहुधा सोबत आलेले जावई.

ऑपरेशननंतर किती दिसेल, हे पडद्यावर अवलंबून असते. डॉक्टरांनी ‘पडदा खराब आहे, नजर पूर्ण येणार नाही’ असे सांगितले तर ते घरच्या सगळ्यांसमोर आणि मुख्य म्हणजे पेशंटसमोर सांगायला लावावे. नंतर ‘ऑपरेशन बिघडवले’ असा गैरसमज होतो, त्याचे मूळ बहुतेक वेळा या न झालेल्या बोलण्यात असते.

तिसरी पायरी : जागा ठरवणे

पडदा चांगला आणि शुगर आटोक्यात असेल तर जिल्हा रुग्णालयात, ग्रामीण रुग्णालयातून नेऊन करून आणणाऱ्या शिबिरात किंवा धर्मादाय दवाखान्यात ऑपरेशन करून घेण्यास हरकत नाही. लहान छेदाच्या पद्धतीने केलेले ऑपरेशन मशीनने केलेल्या ऑपरेशनपेक्षा हलक्या दर्जाचे असते हा समज चुकीचा आहे. फार पिकलेल्या मोतीबिंदूसाठी कित्येक अनुभवी सर्जन तेच पसंत करतात.

पडद्याचा आजार निघाला तर मात्र जिथे पडद्याचे डॉक्टर, लेसर आणि ओसीटी एकाच छताखाली आहेत अशी जागा बघावी. विदर्भात नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, तसेच अकोला आणि यवतमाळ इथली शासकीय वैद्यकीय महाविद्यालये अशा ठिकाणी नेत्रविभाग आहेत. पडद्याची ओपीडी कोणत्या वारी असते हे जाण्याआधी फोनवर विचारावे, नाहीतर गडचिरोलीच्या किंवा मेळघाटाच्या टोकावरून आलेल्या माणसाचा दिवस आणि भाडे दोन्ही वाया जाते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत न्यावे, आणि महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान भारतमध्ये कोणता उपचार बसतो हे तिथल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावे.

लेन्स निवडताना महागडी ‘दूरचे-जवळचे दोन्ही दिसणारी’ लेन्स सुचवली जाते. पडद्याचा आजार असलेल्या डोळ्यात ती सहसा बसवू नये, कारण तिच्यामुळे दिसण्यातला उठाव आणखी कमी होतो. साधी, एका अंतराची लेन्स आणि जवळचा चष्मा हे अशा माणसासाठी जास्त चांगले असते. तेवढे पैसे पुढच्या पडद्याच्या तपासण्यांना उपयोगी पडतील.

चौथी पायरी : डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी

सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून न्यावीत. ‘एक पांढरी आणि एक पिवळी’ एवढ्यावरून कोणालाच काही कळत नाही. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर सांगावे, पण ती आपल्या मनाने बंद करू नये. पुरुषांना लघवी अडते म्हणून रात्री घ्यायची टॅमसुलोसिनसारखी गोळी दिलेली असते. तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुली लहान होऊन अडचण येते, आणि सर्जनला आधी कळले तर ते तशी तयारी ठेवतात. पूर्वी डोळ्याला मार लागला असेल, लेसर झाले असेल, दम्याचा त्रास असेल, आडवे झोपल्यावर धाप किंवा खोकला येत असेल, तर तेही सांगावे, कारण ऑपरेशनच्या वेळी पाठीवर स्थिर पडून राहावे लागते.

पाचवी पायरी : ऑपरेशनचा दिवस

आदल्या दिवशी डोक्यावरून आंघोळ घालून, केस धुऊन, नखे कापून द्यावीत. सकाळी खायचे की नाही आणि शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचे की नाही, हे दवाखान्याला स्पष्ट विचारून कागदावर लिहून घ्यावे. डोळा बधिर करून केलेल्या ऑपरेशनला बहुतेक ठिकाणी उपाशी राहायला सांगत नाहीत, पण गावाकडे ऑपरेशन म्हटले की उपास धरतात. गोळी घेतली, पोटात काही नाही, पहाटेची गाडी आणि दुपारपर्यंत नंबर नाही, अशा वेळी शुगर सत्तरच्या खाली जाते. घाम, थरथर, छातीत धडधड, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे आहेत. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून लगेच द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि बरे वाटल्यावर काहीतरी खायला द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, डॉक्टरांना बोलवावे. सोबतच्या पिशवीत भाकर, साखरेची पुडी, पाणी, गोळ्या आणि तपासण्यांचे कागद असू द्यावेत. ‘यांना शुगर आहे, नंबर लवकर घ्याल का’ असे नर्सताईंना सकाळीच म्हणावे; मधुमेही पेशंट यादीत आधी घेण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. तोंडात खर्रा ठेवून ऑपरेशन थिएटरात जाऊ देऊ नये.

सहावी पायरी : घरी आल्यावर

ऑपरेशन अर्ध्या तासाचे असते, त्याची काळजी महिनाभराची. आणि ती काळजी सर्जनच्या हातात नसून घरातल्या माणसांच्या हातात असते.

थेंब टाकणे सोपे दिसते, तरी सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. आधी साबणाने हात धुवावेत. शेतातून आल्यावर पाण्याखाली नुसते धरलेले हात धुतलेले नव्हेत. आजींना उताणे झोपवावे किंवा मान मागे टेकवून बसवावे. खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढली की एक खोबण तयार होते. त्यात एक थेंब सोडावा. बाटलीचे टोक पापणीला, केसाला किंवा बोटाला लागू देऊ नये. थेंब पडल्यावर डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटे हलक्या बोटाने दाबून ठेवावा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरे औषध असेल तर मध्ये पाच मिनिटे थांबावे, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला वाहून नेतो. दुधासारखे पांढरट औषध असेल तर बाटली आधी चांगली हलवावी. थेंब डोळ्यात पडला की गालावर, अशी शंका आली तर आणखी एक टाकावा. त्याने बिघडत नाही.

पहिल्या आठवड्यात औषध दिवसातून बरेचदा, कधी दर दोन तासांनी टाकायचे असते. सून शेतात, मुलगा कामावर, नातू शाळेत, मग अकरा आणि एकच्या दरम्यानचे थेंब कोण टाकणार? हे ऑपरेशनच्या आधीच ठरवावे. शेजारच्या काकूंना दाखवून ठेवता येते, शाळेतून आलेल्या नातीला चारचे थेंब नेमून देता येतात. भिंतीवर एक कागद लावावा, प्रत्येक औषधापुढे त्याच्या बाटलीच्या झाकणाचा रंग काढावा, टाकले की रेघ मारावी. वाचता न येणाऱ्या घरातही हा कागद उत्तम चालतो. औषधाची मात्रा आठवड्याआठवड्याने कमी करायची असते. डोळा बरा दिसतो म्हणून मध्येच बंद करू नये, आणि संपल्यावर तेच औषध दुकानातून आणून महिनोन्‌महिने चालू ठेवू नये, कारण त्यातल्या स्टिरॉइडने डोळ्यातला दाब वाढू शकतो. उघडलेली बाटली महिन्यानंतर टाकून द्यावी.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, टिनाच्या घरात त्याहून अधिक तापते. अशा घरात फळीवर ठेवलेले थेंब आणि इन्सुलिन दोन्ही खराब होतात. फ्रीज नसेल तर माठात किंवा ओल्या वाळूत ठेवलेल्या गाडग्यात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवावे. ‘उन्हाळ्यात ऑपरेशन करू नये’ असे जे म्हणतात त्याला आता आधार राहिलेला नाही. औषधे थंड राहतील आणि डोळ्यात घाम-धूळ जाणार नाही एवढी सोय असली की पुरे.

डोळ्यात पाणी जाऊ देऊ नये, डोके धुवायचे ते मागे मान टेकवून, दुसऱ्याच्या हाताने, आणि किती दिवसांनी ते डॉक्टरांना विचारून. रात्री प्लास्टिकची झाकणी लावावी, नाहीतर झोपेत हात डोळ्याकडे जातो. चुलीसमोर बसणे, तुरीचे खळे, फवारणी, धानाच्या बांधीत उतरणे हे महिनाभर बंद. मध, गुलाबपाणी, दूध, कांद्याचा रस, कोणाच्याही सांगण्यावरून, कधीच डोळ्यात घालू नये.

जेवणाबाबत एक चुकीची समजूत फार खोलवर आहे : डाळ, भात, वांगे खाल्ले की जखमेत पू होतो. तसे काही नाही. होते असे की या समजुतीने माणूस जेवण तोडतो, शुगरच्या गोळ्या मात्र पूर्ण घेतो आणि रात्री शुगर खाली जाते. दुसऱ्या बाजूने भेटायला येणारे पाहुणे बिस्किटे आणि गोड चहा आणतात, घरचे ताकद यावी म्हणून शिरा करतात. नेहमीचे जेवण द्यावे : ज्वारीची भाकर, तुरीची डाळ, हिरवी भाजी, ताक. भंडारा-गोंदियाकडे भात सोडायला कोणी सांगणार नाही, त्याचे प्रमाण कमी करून डाळ-भाजी वाढवावी. शुगरच्या गोळ्या ऑपरेशननंतर बंद करायच्या नसतात.

सातवी पायरी : त्याच दिवशी दवाखाना गाठायच्या खुणा

ऑपरेशननंतर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होणे ही क्वचित घडणारी, साधारण हजारात एखाद्याला होणारी गोष्ट आहे, पण मधुमेहात तिची शक्यता अधिक असते आणि ती एका दिवसात डोळा घालवू शकते. बहुधा पहिल्या आठवड्यात ती दिसते. कालपेक्षा आज कमी दिसणे, वाढत जाणारे दुखणे, वाढती लाली, पापणी सुजणे, पू किंवा घट्ट चिकटा येणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर सोमवारची ओपीडी, बाजाराचा दिवस, लग्नघर यांतले काहीही पाहू नये. ऑपरेशन केलेल्या दवाखान्याला फोन करून निघावे.

यात मधुमेह्यांसाठी एक वेगळी सूचना आहे. पायांसारखीच डोळ्याच्या पुढच्या भागाची संवेदनाही मधुमेहात कमी झालेली असू शकते, त्यामुळे गंभीर संसर्ग असूनही फारसे दुखत नाही. ‘दुखत तर नाही’ यावर विसंबू नये. नजरेवर भर द्यावा. रोज सकाळी एकाच जागेवरून, दुसरा डोळा तळहाताने झाकून, भिंतीवरच्या कॅलेंडरचे मोठे आकडे वाचायला लावावेत. काल वाचलेला आकडा आज वाचता आला नाही तर ती खूण आहे. नजरेसमोर एकाएकी काळे ठिपके किंवा जाळे तरंगू लागले, वीज चमकल्यासारखे दिसले किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली आली, तर तेही त्याच दिवशी दाखवावे.

आठवी पायरी : सहा आठवडे, आणि त्यानंतर

पहिल्या दिवशीची आणि आठवड्याची तपासणी बहुतेक जण करतात. चार ते सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीला मात्र माणसे येत नाहीत, कारण दिसायला लागलेले असते आणि काम पडलेले असते. मधुमेह्यांसाठी नेमकी हीच तपासणी चुकवू नये. ऑपरेशननंतर पडद्याच्या मध्यभागी सूज येण्याचा हाच काळ असतो. आधी चांगले दिसले आणि महिन्याभराने पुन्हा धूसर झाले, खिडकीचे सरळ गज मध्येच वाकडे दिसू लागले, तर ही सूज असण्याची शक्यता असते. थेंबांनी किंवा इंजेक्शनने ती बहुधा उतरते, पण वेळेवर कळली पाहिजे. त्याच भेटीत चष्म्याचा नंबर काढतात आणि, आता भिंग स्वच्छ असल्यामुळे, पडदा नीट दिसतो. आधी मोतीबिंदूमुळे राहून गेलेली तपासणी या वेळी ‘थेंब टाकून पडदा बघा’ असे सांगून करून घ्यावी.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागले तर लोक ‘मोतीबिंदू परत आला’ म्हणतात. मोतीबिंदू परत येत नाही. लेन्सच्या मागच्या पातळ पापुद्र्यावर जाळी येते, आणि ती याग लेसरने काही मिनिटांत, कापाकापी न करता काढता येते. पण मधुमेही माणसाने हे जाळीच आहे असे घरीच ठरवू नये, कारण पडद्याची सूजही अशीच सावकाश येते. दोन्ही पाहणे एकाच तपासणीत होते.

पडद्याला आजार नसेल तर वर्षातून एकदा, सौम्य आजार असेल तर सहा महिने ते वर्षाने, आणि वाढलेला असेल तर डॉक्टर सांगतील तसे, कधी दर तीन महिन्यांनी किंवा त्याहूनही लवकर दाखवावे लागते. ऑपरेशन झालेल्या डोळ्यालाही हे लागू आहे आणि न झालेल्यालाही. दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन पहिल्याचा पडदा सहा आठवड्यांनी पाहून झाल्यावरच ठरवावे, असे मला वाटते. घाईचे कारण डॉक्टरांनी सांगितले तर गोष्ट वेगळी. तपासणीची पुढची तारीख डिस्चार्ज कार्डाच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावी आणि ते कार्ड शुगरच्या गोळ्यांच्या डब्यातच ठेवावे, म्हणजे महिन्याच्या गोळ्या आणायला आरोग्य केंद्रात जाताना ते आपोआप सोबत जाते आणि तिथल्या सिस्टरला किंवा आशाताईंना तारीख दिसते. तपासणीच्या दिवशी सोबत कोण जाणार तेही त्याच कार्डावर लिहावे, कारण थेंब टाकल्यानंतर वडीलधाऱ्यांना रस्ता ओलांडून एकट्याने एसटी स्टँडवर येता येणार नाही.